एका ओळीची जागा

क्लबच्या बारमागे हा फळा, केब्राचो लाकडाचा.
वरून अठ्ठेचाळीसपर्यंत आजोबांचा हात,
तिथून बहात्तरपर्यंत बाबांचा,
खाली माझा.
हात बदलला की आकडे बदलतात.
आजोबांचा सात कमरेला पट्टा बांधतो,
बाबांचा बांधत नाही,
माझा वाऱ्याने जरा झुकलेला.
पुएर्तो आमार्गोत झाऊची झुडपंसुद्धा तशीच.

पहिली चार नावं रेल्वेची.
मंकर, ड्रायबरा, पुन्हा मंकर, आणि कुणी एक टी. लीश्मन.
स्टेशनमास्तर, फिटर,
रुळांसोबत स्कॉटलंडहून उतरलेली माणसं.
मेंढ्यांनी कुरतडलेल्या वाळूत त्यांनी नऊ खड्डे खणले
आणि त्याला खुली स्पर्धा म्हटलं.
बक्षीस एक मेंढा आणि चाळीस पेसो.
रोख होते, म्हणून व्यावसायिक.

एकतीस साली एलेउतेरियो मान्सिया.
कॅडी.
सकाळी दुसऱ्याची पिशवी वाहिली,
दुपारी उसन्या पाच काठ्यांनी खेळला
आणि नऊ फटक्यांनी जिंकला.
चषक त्याला स्वैपाकघराच्या दारात दिला,
पुढचं दार सभासदांचं होतं.
आजोबांनी त्याच्या नावाला वर्ख जास्त लावला,
अक्षरं शेजारच्यांपेक्षा बोटभर उंच.
चिटणीसांनी हटकलं तेव्हा म्हणाले,
नाव लांब आहे, साहेब, ब्रश घसरतो.

सत्तावन्नची ओळ तिरक्या उन्हात बघायची,
साडेसहाला, फाबियानने दिवे लावण्याआधी.
मूर्ताघच्या खाली आणखी एक नाव आहे,
ओस्कार झुलियानी.
तोच जिंकला होता. फोटो झाले, मिठ्या झाल्या,
बाबांनी घाईघाईत रंगवलं.
मग रात्री जेवणाच्या मध्येच तो उठला आणि म्हणाला,
चौदाव्या होलवर मी चार लिहिले, ते पाच होते.
कुणीही पाहिलं नव्हतं.
सकाळी बाबांनी नाव खरवडलं,
पण पुरतं नाही.
बाबांचा हात चांगला होता.
पुरतं खरवडणं त्यांना जमलं नसतं असं नाही.

ब्याऐंशी. वर्ष आहे, पुढे लाकूड.
त्या एप्रिलात सोळाव्या होलवर हेलिकॉप्टरं उतरत,
आणि गवत कापणाऱ्या दोन पोरांना बेटांवर नेलं,
त्यातला एक परत आला.
नवे चिटणीस म्हणाले, निदान एक रेघ ओढ, नेलिदा,
फळा अर्धवट दिसतो.
मी म्हटलं, रेघेलाही वर्ख लागतो,
आणि वर्ख संपलाय.
डबा माझ्या हातात होता, भरलेला.

चौऱ्याण्णवचा तो स्वीडिश, स्येक्विस्त.
त्याच्या ओवरची दोन टिंबं मी विसरले.
दर नाताळात त्याचं कार्ड येतं,
आत मजकूर नाही,
फक्त दोन टिंबं, निळ्या शाईची.
मी ती अजून दिलेली नाहीत.
दिली तर कार्ड थांबेल.

आता तळाशी एक ओळ उरली आहे.
पुढच्या वर्षीपासून भिंतीवर पडदा लावणार आहेत,
नावं आपोआप येतील, आपोआप जातील,
टिंबं कुणी विसरणार नाही.

बाहेर प्लेऑफचा तिसरा होल.
एक पाराग्वायचा पोरगा, कान्तेरो,
सहा महिने बसमध्ये झोपून इथवर आलेला.
दुसरा आमच्या वरच्या गल्लीतला बास्क, एचेगोयेनबेरी,
वय त्रेचाळीस, गुडघ्याला पट्टी, आणि बेकरीचं कर्ज.
मी पट्टीने दोनदा मोजलं.
कान्तेरो बसतो आणि उरतो.
एचेगोयेनबेरीची शेवटची दोन अक्षरं
फळ्याच्या चौकटीवर जातील.
गेली तर जातील.

सरस घट्ट व्हायला लागलाय.
फाबियान खिडकीशी, हातात ओला ग्लास तसाच.
एकदम ओरडा झाला.
कुणासाठी, ते वाऱ्याने अर्ध्यातच खाल्लं.
फाबियान मान वळवत नाही.

तोवर मी वर्ष लिहून घेते.